कृत्रिम बुद्धिमत्ता आणि शेतीपंपाची वीज

लेखक : कृषि अधिकारी, वाशिम जिल्हा

हरभऱ्याच्या पिकास फांद्या फुटण्याच्या वेळी एक आणि घाटे भरण्याच्या वेळी एक, अशा दोन पाण्याच्या पाळ्या वेळेवर मिळाल्या म्हणजे उत्पन्नात चांगली भर पडते, हे वाशिम जिल्ह्यातील शेतकऱ्यांस सांगावयास नको. विहिरीस पाणी असते, मोटार बसविलेली असते, तुषार संचाच्या नळ्या शेतात अंथरलेल्या असतात. परंतु त्या आठवड्यात वीज किती तास, कोणत्या वेळी व किती दाबाने मिळेल ह्यावर पुढचे सर्व अवलंबून असते. ही वीज कोणास, केव्हा व किती द्यावयाची ह्याचा हिशेब पूर्वी अनुभवी माणसे कागदावर करीत असत. आता त्या हिशेबात संगणकाचा, आणि त्यातही ज्यास कृत्रिम बुद्धिमत्ता म्हणतात त्या पद्धतीचा, प्रवेश झाला आहे. दुसऱ्या बाजूस हीच कृत्रिम बुद्धिमत्ता चालविण्यासाठी फार मोठ्या प्रमाणावर वीज लागू लागली आहे. म्हणजे विजेचा नवा हिशेबनीस आणि विजेचे नवे मोठे गिऱ्हाईक ही एकच वस्तू होय. ह्या घडामोडीचा आपल्या विहिरीवरील मोटारीशी काय संबंध येतो, व त्या बाबतीत गावपातळीवर काय करता येण्यासारखे आहे, ह्याची माहिती प्रस्तुत लेखात दिली आहे.

विजेचा ताळमेळ क्षणोक्षणी राखावा लागतो

ज्वारी कणगीत साठविता येते, पाणी तलावात अडविता येते. परंतु विजेचे तसे नाही. ज्या क्षणी ती वापरली जाते त्याच क्षणी ती कोठे तरी निर्माण व्हावी लागते. बॅटऱ्यांत वीज साठविण्याची, किंवा घाटघर येथील २५० मेगावॅटच्या प्रकल्पाप्रमाणे पाणी वरच्या तलावात चढवून पुन्हा खाली सोडण्याची सोय आहे. परंतु एकूण गरजेच्या मानाने ती अद्याप थोडी आहे.

निर्मिती व वापर ह्यांचा मेळ आहे किंवा नाही हे विजेच्या कंपनसंख्येवरून कळते. आपल्या देशात ही संख्या सेकंदास ५० ठेवावयाची असून ४९.९० ते ५०.०५ ही तिची मर्यादा आहे. वापर वाढला व निर्मिती तेवढी वाढली नाही तर ती खाली येते, आणि वापर एकाएकी घटला तर वर जाते. चढावर ओझे वाढले म्हणजे बैलांची चाल मंदावते, तसाच हा प्रकार समजावा. मेळ फारच बिघडला तर यंत्रे आपोआप जाळ्यातून सुटतात व अंधार पसरतो. ३० व ३१ जुलै २०१२ रोजी उत्तर भारतात, व दुसऱ्या दिवशी पूर्व आणि ईशान्य भारतातही, वीज गेली व साठ कोटींहून अधिक लोकवस्तीच्या प्रदेशास त्याची झळ पोहोचली. वाहिन्यांवर पडलेला अतिभार आणि काही राज्यांनी ठरल्यापेक्षा अधिक उचललेली वीज ही त्यामागील प्रमुख कारणे होती.

हा मेळ राखण्याचे महाराष्ट्रातील काम नवी मुंबईतील ऐरोली येथील राज्य भार प्रेषण केंद्र करते. विदर्भासाठी त्याची शाखा नागपूरजवळ अंबाझरी येथे आहे. ह्या केंद्रात दिवसाच्या २४ तासांचे पंधरा पंधरा मिनिटांचे ९६ भाग पाडलेले असतात. प्रत्येक भागात राज्यास किती वीज लागेल ह्याचा अंदाज आदल्या दिवशी बांधून त्याप्रमाणे वीज केंद्रांना सूचना दिल्या जातात. आपल्या शेजारच्या अकोला जिल्ह्यातील पारस येथे २५० मेगावॅटचे दोन कोळशाचे संच आहेत. असा थंड पडलेला संच पुन्हा पेटवून जाळ्यास जोडावयाचा म्हणजे कित्येक तास लागतात. कोयनेचे पाणी मात्र काही मिनिटांत कामास लावता येते. तेव्हा उद्याची गरज आजच कळणे ह्यावर बराच खर्च व बरीचशी सुरक्षितता अवलंबून असते. अंदाज कमी पडला तर ऐन वेळी महाग वीज विकत घ्यावी लागते किंवा कोणाची तरी वाहिनी बंद करावी लागते. ती वाहिनी शेतीची असल्यास नुकसान पिकाचे होते.

सौर विजेमुळे हिशेब बदलला

शेतीपंपांना आळीपाळीने एका आठवड्यात दिवसा व दुसऱ्या आठवड्यात रात्री वीज देण्याच्या पद्धतीचा त्रास सर्वांच्या परिचयाचा आहे. रात्री पाणी देण्यास जाताना सर्पदंश, रानडुकरांचा उपद्रव, विजेचा धक्का व थंडी ह्यांना तोंड द्यावे लागते. शिवाय अंधारात पाणी नीट वळविता येत नाही, ते वाया जाते. ह्यावर उपाय म्हणून शासनाने २०२३ साली मुख्यमंत्री सौर कृषिवाहिनी योजना २.० हाती घेतली. हिच्याद्वारे उपकेंद्राच्या जवळपास सौर प्रकल्प उभारून तेथील वीज त्याच उपकेंद्रातून निघणाऱ्या शेतीच्या वाहिन्यांना दिवसा पुरविण्यात येते. जागा देणाऱ्यास दर हेक्टरी वर्षाला १ लाख २५ हजार रुपये भाडे व त्यात दरवर्षी ३ टक्के वाढ देण्याची तरतूद आहे. ५ ऑक्टोबर २०२४ रोजी वाशिम जिल्ह्यात झालेल्या कार्यक्रमात पंतप्रधानांच्या हस्ते ह्या योजनेतील १९ मेगावॅटच्या पाच सौर प्रकल्पांचे लोकार्पण झाले. त्यांपैकी दोन प्रकल्प आपल्या शेजारच्या अकोला व बुलढाणा जिल्ह्यांतील आहेत. ह्याखेरीज ‘मागेल त्याला सौर कृषिपंप’ योजनेतून स्वतंत्र सौर पंपही दिले जातात.

दिवसा वीज मिळणे हा शेतकऱ्यास मोठाच लाभ होय. परंतु सूर्य हे कोळशाच्या संचासारखे आपल्या हुकुमात राहणारे केंद्र नव्हे. आभाळ स्वच्छ असता दुपारी बारा वाजता भरपूर वीज देणारा प्रकल्प ढगाची एक फळी आली म्हणजे काही मिनिटांत निम्म्यावर येतो, व सूर्य मावळताच शून्यावर. आता पावसात खंड पडलेला एखादा भाद्रपदाचा दिवस घ्या. सोयाबीनच्या शेंगा भरत आहेत, जमीन भेगाळू लागली आहे, म्हणून वाहिनीवरील सर्व मोटारी एकाच वेळी सुरू झाल्या आहेत. आणि आभाळात मात्र न बरसणाऱ्या ढगांची ये-जा सुरू आहे. गरज सर्वांत जास्त आणि निर्मिती सर्वांत बेभरवशाची, असा हा प्रसंग होय. पूर्वी फक्त मागणीचा अंदाज करावा लागे; आता मागणी व निर्मिती अशा दोहोंचा करावा लागतो. माणसाने कागदावर करावयास हे काम फार किचकट झाले आहे, आणि येथेच कृत्रिम बुद्धिमत्तेचा उपयोग सुरू होतो.

कृत्रिम बुद्धिमत्ता म्हणजे काय

नावावरून यंत्रास मन आहे अशी कल्पना होण्याचा संभव आहे; तशी ती करून घेऊ नये. साध्या संगणकास माणूस नियम सांगतो व संगणक त्याप्रमाणे आकडेमोड करतो. कृत्रिम बुद्धिमत्तेच्या पद्धतीत नियम सांगण्याऐवजी यंत्रापुढे जुन्या नोंदींचा मोठा साठा ठेवतात, आणि त्या नोंदींतून ‘असे असता असे घडते’ हा संबंध यंत्र स्वतः शोधून काढते. कित्येक वर्षांचे तापमान, पाऊस, वारा, वार, सण व त्या त्या पंधरा मिनिटांतील विजेचा वापर हे सर्व त्याच्यापुढे ठेवले म्हणजे, ‘जानेवारीत ढगाळ हवा असून आदल्या रात्री पाऊस झाला असेल तर शेतीच्या वाहिन्यांवरील भार एवढ्याने उतरतो’ अशा प्रकारचे अनुमान ते करू लागते. गावातील जुना जाणता माणूस वाऱ्याची दिशा पाहून पावसाचा अंदाज सांगतो, त्यामागेही अनेक वर्षांचे निरीक्षण असते. भेद इतकाच, की यंत्र कोट्यवधी नोंदी विसरत नाही, पण त्या नोंदींच्या पलीकडचे त्यास काही दिसतही नाही.

वीज-व्यवस्थेत ह्या पद्धतीचे मुख्य उपयोग पुढीलप्रमाणे आहेत.

मागणीचा अंदाज : उद्याच्या ९६ भागांतील गरज आधी सांगणे.

सौर व पवन विजेचा अंदाज : उपग्रहाच्या छायाचित्रांवरून ढगांची चाल ओळखून निर्मिती किती होईल हे सांगणे. महाराष्ट्रात सौर व पवन विजेचा अंदाज आधी कळविणे व चुकल्यास त्याचा हिशेब करणे ह्यासाठी राज्य वीज नियामक आयोगाने २०१८ साली विनियम केले. परदेशातील एक उदाहरण द्यावयाचे तर, गुगल कंपनीच्या डीपमाइंड ह्या संस्थेने अमेरिकेतील ७०० मेगावॅट पवन विजेचा अंदाज ३६ तास आधी वर्तविण्याचा प्रयोग केल्याचे २०१९ साली जाहीर केले.

बिघाडाची पूर्वसूचना : रोहित्रावरील, म्हणजे गावात ज्यास डीपी म्हणतात त्यावरील, भार, तापमान व तिन्ही फेजांतील असमतोल ह्यांच्या नोंदींवरून ते जळण्यापूर्वीच इशारा देणे.

पाण्याचा सल्ला : जमिनीतील ओल व हवामान ह्यांवरून पिकास पाणी केव्हा द्यावे हे सांगणे. बारामती येथील ॲग्रिकल्चरल डेव्हलपमेंट ट्रस्टने उसाच्या पिकात असे प्रयोग केले आहेत. महाराष्ट्र शासनाने जून २०२५ मध्ये शेतीतील कृत्रिम बुद्धिमत्तेसाठी महाॲग्री-एआय धोरण मंजूर केले असून ‘महाविस्तार’ ह्या मोबाइलवरील ॲपद्वारे मराठीत सल्ला देण्याची सोय केली आहे. वाशिम हा उसाचा जिल्हा नव्हे. परंतु अनावश्यक पाळी टाळण्याचे तत्त्व हरभरा व गहू ह्यांनाही तितकेच लागू पडते.

अनावश्यक पाळीचा विजेशी संबंध कसा येतो हे आकड्यांनी पाहू. ५ अश्वशक्तीची मोटार ताशी सुमारे ४.५ युनिट वीज घेते असे धरले, तर आठ तासांच्या एका पाळीस ३६ युनिट लागतात. एका वाहिनीवर अशा ३०० मोटारी असतील व प्रत्येकाने एक अनावश्यक पाळी टाळली, तर १०,८०० युनिट वाचतील. शेतकऱ्यास बिल येत नसले तरी ती वीज कोठे तरी निर्माण झालेली असते, आणि वाहिनीवरील ताण कमी झाल्याने इतरांच्या मोटारीस पुरेसा दाब मिळतो.

नव्या गिऱ्हाईकाची भूक

आता दुसरी बाजू पाहू. ही बुद्धी मोबाइलमध्ये असल्यासारखी दिसते, पण तिचे बहुतेक काम दूरच्या मोठ्या इमारतींत ठेवलेल्या हजारो संगणकांवर होते. अशा इमारतींना डेटा सेंटर म्हणतात. ते संगणक रात्रंदिवस चालतात, तापतात, व त्यांना थंड ठेवण्यासाठी आणखी वीज, आणि पुष्कळ ठिकाणी पाणीही, खर्ची पडते.

आंतरराष्ट्रीय ऊर्जा संस्थेने एप्रिल २०२५ मध्ये प्रसिद्ध केलेल्या अहवालानुसार २०२४ साली जगातील सर्व डेटा सेंटरांनी मिळून सुमारे ४१,५०० कोटी युनिट वीज वापरली. जगाच्या एकूण वापराच्या हे प्रमाण सुमारे दीड टक्का होते. २०३० पर्यंत हा वापर सुमारे ९४,५०० कोटी युनिटांवर, म्हणजे दुपटीहून अधिक, जाईल असा त्या संस्थेचा अंदाज आहे. ही सर्व वीज कृत्रिम बुद्धिमत्तेचीच आहे असे नव्हे. परंतु वाढीचे मुख्य कारण तेच आहे.

हे आकडे शेतीच्या मापात मांडले म्हणजे अधिक स्पष्ट होतील. जीपीटी-३ नावाची, २०२० साली पुढे आलेली एक भाषा-प्रणाली शिकविण्यास सुमारे १२ लाख ८७ हजार युनिट वीज लागली असावी, असा अंदाज संशोधकांनी २०२१ साली प्रसिद्ध केला. वर्षातून ६०० तास चालणारी ५ अश्वशक्तीची मोटार वरील हिशेबाने २,७०० युनिट घेते. म्हणजे एका प्रणालीच्या शिक्षणास सुमारे ४७५ मोटारींची वर्षभराची वीज लागली. त्यानंतरच्या प्रणाली पुष्कळच मोठ्या आहेत. तसेच १०० मेगावॅट क्षमतेचे एक डेटा सेंटर पूर्ण भाराने चालू असता, त्याच वेळी चालणाऱ्या सुमारे २२ हजार मोटारींएवढी वीज घेते. आणि मोटार हंगामापुरती चालते, तर डेटा सेंटर बाराही महिने.

एखाद्या देशाच्या व्यवस्थेवर ह्याचा काय परिणाम होतो हे आयर्लंडमध्ये दिसून आले आहे. २०२३ साली त्या देशातील मोजलेल्या विजेच्या वापरापैकी २१ टक्के वाटा डेटा सेंटरांचा होता. सर्व शहरी घरांचा वाटा १८ टक्के, म्हणजे त्याहून कमी होता. आपल्या देशात डेटा सेंटरांची सर्वाधिक गर्दी मुंबई व नवी मुंबई भागात आहे. ज्या ऐरोलीत राज्याच्या विजेचा ताळमेळ राखला जातो त्याच परिसरात ही नवी केंद्रेही उभी राहत आहेत. ऑक्टोबर २०२५ मध्ये गुगल कंपनीने आंध्र प्रदेशातील विशाखापट्टणम येथे पाच वर्षांत १५ अब्ज डॉलर गुंतविण्याची घोषणा केली, तीही अशाच केंद्रासाठी होय.

येथे एकांगी विचार करणे योग्य होणार नाही. डेटा सेंटरे स्वतःचा खर्च कमी करण्यासाठीही हीच बुद्धी वापरतात. डीपमाइंडच्या पद्धतीने गुगलच्या केंद्रांतील थंडाव्यास लागणारी वीज ४० टक्क्यांपर्यंत कमी करता आली, असे २०१६ साली जाहीर झाले होते. शिवाय ह्या गिऱ्हाईकाची व शेतीची गरज सदैव एकाच वेळी टक्कर देईल असेही नाही. शेतीस दिवसा सौर वीज मिळू लागली म्हणजे रात्रीची औष्णिक व जलविद्युत घरांना व उद्योगांना मोकळी होते. खरी अडचण सूर्यास्तानंतरच्या तासांची, आणि ढगाळ दिवसांची आहे. त्या वेळी वीज थोडी व मागणारे पुष्कळ अशी स्थिती येते. तेव्हा मोठ्या गिऱ्हाईकाची गरज मिनिटामिनिटाला मोजलेली असते, करारात लिहिलेली असते, व ती मांडावयास तज्ज्ञ असतात. शेतकऱ्याची गरज कोण व कशी मांडणार, हा ह्या विषयातील आपल्या दृष्टीने सर्वांत महत्त्वाचा प्रश्न आहे.

मोजले तेवढेच यंत्र जाणते

यंत्र नोंदींवरून शिकते हे वर सांगितले. आता समजा, पौष महिन्यात एका शिवारातील रोहित्र जळाले व पंधरा दिवस बंद राहिले. चाळीस शेतकऱ्यांचा गहू व हरभरा पाण्यावाचून सुकला. नोंदीत काय लिहिले जाईल? त्या पंधरा दिवसांत त्या रोहित्रावरील विजेचा वापर शून्य. ही नोंद रोहित्र बंद असल्याच्या खुलाशाशिवाय यंत्रापुढे गेली, तर ते असे शिकेल की पौष महिन्यात ह्या शिवारास विजेची गरज नसते. पुढील वर्षाच्या नियोजनात त्या शिवाराचा वाटा तेवढ्याने कमी दिसेल. ज्यांचे नुकसान झाले त्यांचीच गरज कागदावरून पुसली जाईल, आणि ह्यात कोणाचा दुष्ट हेतूही असणार नाही.

हाच दोष वेळापत्रकामुळेही उत्पन्न होतो. शेतीच्या वाहिनीस आठ तास वीज दिली म्हणजे वापर त्या आठ तासांतच दिसणार. उरलेल्या सोळा तासांत मोटारी बंद असतात त्या शेतकऱ्यास पाणी नको म्हणून नव्हे, तर वीज नसते म्हणून. ‘नको होती’ आणि ‘मिळाली नाही’ ह्या दोन्ही गोष्टी मीटरवर सारख्याच शून्याने दिसतात. त्यांतील भेद फक्त शिवारातील माणूस सांगू शकतो.

तिसरा दोष नोंदलेल्या भाराचा आहे. पुष्कळ शेतीपंपांस स्वतंत्र मीटर नाही. तेथे वापराचा अंदाज नोंदलेली अश्वशक्ती व पुरवठ्याचे तास ह्यांच्या गुणाकाराने बांधावा लागतो. कागदावर ३ अश्वशक्ती व विहिरीवर ५ अश्वशक्ती अशी स्थिती असेल तर रोहित्राची क्षमता ठरविण्यापासून सर्वच हिशेब चुकतो, आणि त्याचे फळ म्हणजे जळालेले रोहित्र. मुख्यमंत्री बळीराजा मोफत वीज योजनेनुसार एप्रिल २०२४ ते मार्च २०२९ ह्या काळात ७.५ अश्वशक्तीपर्यंतच्या शेतीपंपांना वीज मोफत आहे. बिल भरावयाचे नाही, मग नोंद कशास हवी, असे काही जण म्हणतात. ही समजूत चुकीची आहे. पैशाचा हिशेब शासन करील. परंतु वाहिनीचा, रोहित्राचा व वेळेचा हिशेब नोंदीवाचून कोणासही करता येणार नाही.

चौथी गोष्ट पेरणीच्या तारखेची. आपल्याकडे सोयाबीन निघाल्यावर हरभरा पेरला जातो. परतीचा पाऊस लांबला तर काढणी लांबते, पेरणी लांबते, व त्यामुळे पाण्याच्या पाळ्याही पुढे जातात. मागील वर्षांच्या तारखांवर शिकलेले यंत्र ह्या वर्षीची गरज दोन आठवडे अलीकडे धरील. ह्या वर्षी कोणते पीक, किती क्षेत्रावर, केव्हा पेरले हे गावोगाव नीट नोंदले गेले असेल तरच ही चूक सुधारता येईल. २०२१ पासून सुरू झालेली ई-पीक पाहणी ह्या दृष्टीनेही उपयोगी पडू शकते.

ग्रामपातळीवरील कार्यकर्त्यांनी करावयाची कामे

१. गावातील प्रत्येक रोहित्राची एक वही ठेवावी. रोहित्राचा क्रमांक, क्षमता, त्यावरील मोटारींची संख्या व प्रत्येकीची खरी अश्वशक्ती तीत लिहावी. वीज कंपनीच्या नोंदीशी ती वर्षातून दोनदा, खरीप व रब्बी हंगामापूर्वी, ताडून पाहावी.

२. पुरवठा बंद पडला की तारीख, वेळ, कारण व पुन्हा सुरू झाल्याची वेळ लिहावी. त्या काळात कोणत्या पिकाची कोणती पाळी चुकली हेही लिहावे. नुसते ‘वीज नव्हती’ असे लिहिणे पुरेसे नाही. ‘हरभरा घाटे भरण्याच्या अवस्थेत, पाळी आवश्यक, वीज मिळाली नाही’ असे लिहिल्यास ती नोंद पुराव्याच्या योग्यतेची होते.

३. तक्रार तोंडी न ठेवता १९१२ ह्या क्रमांकावर नोंदवून तक्रार क्रमांक वहीत उतरवून घ्यावा. संगणकात न गेलेली तक्रार नियोजनाच्या दृष्टीने घडलीच नाही असे समजावे.

४. ई-पीक पाहणीची नोंद प्रत्येक खातेदाराने वेळेवर करावी व सिंचनाचे साधन बरोबर भरावे, ह्यासाठी साहाय्य करावे. मोबाइल नसलेल्या व वृद्ध खातेदारांकडे प्रथम लक्ष द्यावे.

५. ऑटो स्विच काढून टाकण्याविषयी शेतकऱ्यांचे मन वळवावे. वीज येताच सर्व मोटारी एकदम सुरू झाल्या म्हणजे रोहित्रावर अचानक अतिभार पडून ते जळते. मोटारी काही मिनिटांच्या अंतराने सुरू करण्याचा क्रम शेजाऱ्यांनी आपसांत ठरवावा.

६. प्रत्येक मोटारीस योग्य क्षमतेचा कॅपॅसिटर बसवावा. साधारणतः ३ अश्वशक्तीस १, ५ अश्वशक्तीस २ व ७.५ अश्वशक्तीस ३ केव्हीएआर क्षमतेचा कॅपॅसिटर लागतो. त्यामुळे विजेचा दाब सुधारतो व मोटार जळण्याचे प्रमाण कमी होते. हे काम जाणकाराकडूनच करून घ्यावे. रोहित्रावरील फ्यूज स्वतः टाकण्याचे धाडस कोणीही करू नये.

७. मोबाइलवरून मिळालेला सल्ला आपल्या जमिनीशी पडताळून मगच अमलात आणावा. वावरातील माती मुठीत दाबून ओल पाहण्याची पद्धत अजूनही उपयोगाची आहे. सल्ला व प्रत्यक्ष ह्यांत फरक आढळल्यास करडा येथील कृषि विज्ञान केंद्र किंवा अकोला येथील डॉ. पंजाबराव देशमुख कृषि विद्यापीठ ह्यांच्या तज्ज्ञांस विचारावे, व फरक कोठे पडला हे लिहून ठेवावे.

नेहमी विचारल्या जाणाऱ्या काही शंका

यंत्राचा अंदाज चुकल्यास काय होते? अंदाज चुकतातच. यास्तव भार प्रेषण केंद्रात रात्रंदिवस अभियंते बसलेले असतात व अखेरचा निर्णय त्यांचा असतो. यंत्राचा अंदाज हा सल्ला होय, हुकूम नव्हे. पूर्वी क्वचितच घडलेली घटना, उदाहरणार्थ ऐन हिवाळ्यातील गारपीट, यंत्रास चांगलीशी ओळखता येत नाही.

एकट्या गावाच्या वहीने काय साधणार? ऐरोलीच्या संगणकात आपल्या गावाची वही आपोआप जाणार नाही, हे खरे. परंतु ग्रामसभेचा ठराव, उपविभागीय कार्यालयाकडील अर्ज, आणि वीज नियामक आयोगापुढे दरनिश्चितीच्या वेळी होणारी जाहीर सुनावणी ह्या तिन्ही ठिकाणी लेखी नोंदीस वजन असते. आयोगापुढे सूचना व हरकती मांडण्याचा अधिकार प्रत्येक ग्राहकास आहे. मोठी गिऱ्हाइके हा अधिकार आकडेवारीसह बजावतात. गावांनीही तो तसाच बजावावा.

कृत्रिम बुद्धिमत्तेस विरोध करावा काय? विरोधाचे कारण नाही. दिवसा वीज मिळावी, ती ढगाळ दिवशीही टिकावी, रोहित्र जळण्यापूर्वी कळावे ही कामे तिच्या साहाय्याने अधिक चांगली होऊ शकतात. मात्र तिला लागणाऱ्या विजेचा भार कोणी उचलावयाचा हा प्रश्न लोकांनी विचारीत राहिले पाहिजे.

समारोप

वीज-व्यवस्था आणि कृत्रिम बुद्धिमत्ता ह्यांनी एकमेकींस बदलण्यास प्रारंभ केला आहे, व हा बदल आपण थांबविल्याने थांबणारा नाही. सौर विजेचा हिशेब सांभाळण्यास यंत्राची बुद्धी हवी, व त्या बुद्धीस चालावयास वीज हवी. ह्या देवघेवीत वाशिमच्या शेतकऱ्याचे स्थान काय राहील हे पुष्कळ अंशी त्याच्या गरजेची नोंद खरी, पूर्ण व वेळेवर होते किंवा नाही ह्यावर अवलंबून आहे. माती, बियाणे व खत ह्यांच्या नोंदी ठेवण्याची सवय आपण लावून घेतली; त्याच जोडीस विजेचीही नोंद ठेवावयास हवी. येत्या रब्बी हंगामापूर्वी प्रत्येक गावात निदान एका रोहित्राची वही सुरू करावी, आणि तिचा लाभ दिसून आल्यावर बाकीच्या रोहित्रांच्या वह्या करण्यास शेतकरी बंधुभगिनींनी आपण होऊन पुढे यावे, अशी विनंती आहे.